पडद्यावर वसवलेलं उंबरटेक

चिमाजीतात्यांना एका जागी निवांत बसलेलं कुणी पाहिलं असेल तर त्यानं पुढं यावं आणि सांगावं. जेवायला बसले तरी एक गुडघा उभा, आता उठतो का मग उठतो असा. चहाचा कप हातात घेऊन अंगणात तीन फेऱ्या मारायचे आणि तिसऱ्या फेरीला कप कुठल्यातरी कठड्यावर ठेवून विसरायचे. त्यांच्या घरच्या, भामाबाई, दिवसाकाठी असे चार-पाच कप गोळा करून आणायच्या. येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायच्या, "आमच्यात कोंबड्या अंडी घालत्यात आन् ह्ये कप घालत्यात. हुडकायला मी."

फक्त एका ठिकाणी हा माणूस बसायचा. पुढच्या खोलीत, खिडकीखाली, कॉम्प्युटरपुढं. तिथं मात्र दोन-दोन तास पाय हलायचा नाही.

आता हा कॉम्प्युटर त्यांच्या घरात कसा आला ते आधी सांगायला हवं.

तात्या मूळचे उंबरटेकचे. गुंजवण्याच्या वरच्या अंगाला डोंगराच्या पोटात त्रेचाळीस घरांची वाडी होती ती. दहावीला गणितानं दगा दिला आणि सतराव्या वर्षी तात्या भोसरीला एका कारखान्यात हमाल म्हणून लागले. हमालाचे पुढं स्टोअरकीपर झाले, कारण कुठला नटबोल्ट कुठल्या मांडणीत आहे हे डोळे मिटून सांगायचे. साहेबानं एक दिवस टेबलावर कॉम्प्युटर आणून ठेवला. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. एक अक्षर चुकलं की यंत्र हटून बसायचं. तात्यांनी ते सोसलं. पुढं रंगीत पडदा आला, चित्रं आली, माऊस आला, आणि तात्यांनी एक गोष्ट केली जी कुणी शिकवली नव्हती. पडद्यावरची चित्रं त्यांनी स्टोअरच्या मांडणीसारखी लावली. डावीकडे नटबोल्ट, उजव्या भिंतीला पट्टे, दाराजवळ ग्रीस. फाईलचं नाव वाचायची गरजच नाही. माल जिथं, फाईल तिथं. नवीन पोरं यायची, नुसता पडदा बघून आत जाऊन माल काढून आणायची.

कॉम्प्युटर चालवणाऱ्या सिस्टीमी बदलत गेल्या. त्यातली 'सेव्हन' तात्यांच्या मनात बसली. "गुणाची होती," म्हणायचे. "आपण सांगू ते करायची, न सांगितलेलं करायची नाही." तिच्यानंतर आलेल्या 'टेन'शी त्यांचं पहिल्या दिवसापासून वाकडं. एकदा भर सोमवारी, फाटकात मालाचा ट्रक उभा, ड्रायव्हर शिव्या देतोय, तात्या गेटपास काढायला बसले तर पडद्यावर निळं काहीतरी आलं: अपडेट चालू आहे, मशीन बंद करू नका. पंचवीस मिनिटं. तात्या ड्रायव्हरला म्हणाले, "आपल्याच घरात शिरून हा आपल्यालाच म्हणतोय, बाहेर थांबा, सारवतोय." ड्रायव्हर म्हणाला, "सारवू दे, पण मला सोड."

रिटायर झाले तेव्हा कारखान्यानं जुनी यंत्रं भंगारात काढली होती. तात्यांनी त्यातलं सेव्हनवालं एक मागून घेतलं, गोणपाटात गुंडाळलं आणि टेम्पोत मांडीवर धरून गावी आणलं.

गावी म्हणजे कुठं? तर उंबरटेकला नव्हे. उंबरटेकवर धरणाचं पाणी येऊन वर्षं झाली होती. सरकारनं वाडीला नवी जागा दिली ती खाली कामथडीच्या अलीकडं, हमरस्त्यापासून आत, सपाटीला. सहा सरळ रांगा, डांबरी रस्ते, प्रत्येक प्लॉटला नंबर. कुठला प्लॉट कुणाचा हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. त्यामुळं ज्यांच्या भिंतीला भिंत होती ते पहिल्या आणि सहाव्या रांगेत गेले, आणि ज्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं ते शेजारी आले.

वाडी उठली त्या दिवशी तात्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला होते. वडिलांनी एकट्यानं वासे आणि कौलं उतरवून खाली आणली. तात्या महिन्यानं आले तेव्हा वर पाणी चढलेलं. आपलं गाव आपण हलताना बघितलं नाही, ही गोष्ट त्यांना आत कुठंतरी टोचत राहिली. बोलायचे नाहीत. पण रिटायर होऊन नव्या गावठाणात राहायला आले आणि त्यांच्या पायांना ही येरझार लागली. सगळी घरं एकसारखी. पहिल्याच आठवड्यात चुकून आनंदरावांच्या घरात शिरले, चपला काढल्या, पंख्याखाली टेकले आणि आत बघून ओरडले, "चहा टाक गं." आनंदरावांच्या सुनेनं बिचारीनं मुकाट्यानं चहा टाकला.

मग एका हिवाळ्यात त्यांनी ते काम काढलं.

कॉम्प्युटरचा सगळा पडदा हिरवा केला, साधा, भाताच्या खाचरासारखा. प्रत्येक घराचं एक फोल्डर. आत त्या घरातले जुने फोटो, रेशनकार्ड, लग्नपत्रिका, कुणाच्या आवाजातली ओवी. आणि ते फोल्डर ठेवायचं तिथं, जिथं ते घर उंबरटेकात होतं. चित्रं सरळ रांगेत बसवायची जी खूण असते ती तात्यांनी पहिल्या दिवशीच काढून टाकली होती. पण सतराव्या वर्षी सुटलेल्या माणसाला गाव आठवून आठवून किती आठवणार? म्हणून त्यांनी गेनूआबांना बोलावलं. आबा तेव्हा अठ्ठ्याऐंशीचे. पडद्यापुढं खुर्ची टाकून बसायचे, माऊस तात्यांच्या हातात आणि काठी आबांच्या.

"हां, ह्यो हैबतीचा बाप. वर घे. आजून. थांब थांब, तितं माझं खळं हुतं, खळ्यात घर बांधतूस का?"

"आबा, काठी काचेला लावू नका."

"काचंला न्हाई लावली, हैबतीच्या दारात लावली."

असे तीन हिवाळे गेले. त्रेचाळीस घरं लागली. देवळाचं एक रिकामं फोल्डर, विहिरीचं एक, उंबराचं एक, ओढ्याच्या कडंनं चार. तात्यांना हे कागदावर उतरून ठेवावं असं कधी वाटलंच नाही. समोर दिसतंय ते कशाला लिहायचं? चैत्रातल्या जत्रेला पुण्या-मुंबईची पोरं यायची, तात्यांच्या खोलीत गर्दी करायची, आपलं घर उघडून बघायची. गेल्या कार्तिकात गेनूआबा गेले.

आबांच्या मागं राहिली त्यांची बायको, सगुणाबाई. तिला अक्षरओळख नाही. दर मंगळवारी देवीला पाणी घालून ती तात्यांकडं यायची, पडद्यापुढं बसायची आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात, देवळाच्या फोल्डरच्या लगत, बरोब्बर बोट ठेवायची. तात्या ते फोल्डर उघडायचे. आत गेनूआबांचा एकच मोठा फोटो, बैलाच्या शिंगाला हात लावून उभे. सगुणाबाई बघायची, पदरानं काच पुसायची आणि म्हणायची, "झाक आता. ऊन लागंल."

एवढं सगळं ध्यानात आलं म्हणजे पुढचं समजेल.

जत्रेच्या आधीचा रविवार. तात्यांचे जावई सोमनाथ हिंजवडीला कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहेत. ते आदल्या दिवशी मुक्कामाला आले होते. भला माणूस. सासऱ्याची तक्रार बरेच दिवस ऐकत होता: सातबारा उघडत नाही, बँकेचं पान म्हणतं तुमचं यंत्र जुनं आहे, नातीशी व्हिडिओवर बोलायला जावं तर चित्र फत्तरासारखं थिजतं. एकदा शाळेतल्या गुरुजींनी सेव्हन न पुसता तिच्या शेजारी लिनक्स घालून बघितलं होतं. ते तात्यांना आवडलंही होतं, फुकट आणि शांत, विचारल्याशिवाय बोलत नाही म्हणून. पण त्यात प्रिंटर चालेना, मग गुरुजींनीच ते काढलं आणि सेव्हन होती तशी परत आली. तर सकाळी तात्या भामाबाईंच्या गोळ्या आणायला नसरापूरला गेले आणि सोमनाथरावांनी बाह्या सरसावल्या.

तात्या परत आले तेव्हा दुपार झालेली. खोलीत पाऊल टाकलं आणि तिथंच थांबले.

"या मामा, बघा," सोमनाथराव खुशीत. "इलेव्हन टाकली. तुमचं मशीन तिला घेत नव्हतं, मी युक्तीनं घुसवली. कसं पळतंय बघा."

पडद्यावर डाव्या बाजूला चित्रांच्या रांगा होत्या. सरळ, एकाखाली एक, ओळंबा लावल्यासारख्या. पहिले आनंदराव. त्यांच्याखाली उंबर. उंबराखाली ओढ्याची चार, त्याखाली कुंडलिक. मग गेनूआबा. ठकुबाई आणि धोंडिबाच्या मधी देऊळ. शेवटच्या रांगेत विहीर, सगुणाबाईच्या माहेरचे संतू, आणि तळाला हैबती.

"हे कुणी केलं?" तात्यांचा आवाज बारीक झाला.

"काय?"

"ही माणसं रांगेत कुणी उभी केली?"

"आपोआप लागलीत मामा, नावाप्रमाणं. सोपं पडेल तुम्हाला. एकही फाईल गेलेली नाही हां. सगळं पेनड्राईव्हवर घेतलं, ड्राईव्ह साफ केली, मग परत टाकलं. मोजून बघा, सगळी फोल्डर आहेत."

"फायली घेतल्या. जागा कुणी घेतल्या?"

सोमनाथरावांना कळेना. "कसल्या जागा?"

"घरांच्या! कोण कुठं राहत होतं त्याच्या!" तात्या खोलीतल्या खोलीत फिरायला लागले. "इथं खाली सरकारनं आम्हाला एकदा रांगेत बसवलं, नंबर घातले. आता तुम्ही पडद्यावरबी बसवलं. जुनं परत आणा."

जावयाचा चेहरा उतरला. बरंच काही उघडून बघितलं, मित्राला फोन लावला. मग हळूच म्हणाले, "मामा, चित्राची जागा सिस्टीम स्वतःजवळ ठेवते. ती जुनी सिस्टीमच पुसली मी. नाही येणार."

जावई माणूस, त्यातून चांगल्या मनानं केलेलं. तात्या अंगणात गेले. भामाबाईंनी त्या दिवशी सात कप गोळा केले.

संध्याकाळी जाताना सोमनाथरावांनी रांगेत बसवायची ती खूण कुठं दडली आहे ते दाखवून काढून दिली. तात्यांनी राग काढला तो नव्या सिस्टीमवर. "हे सुरू करायचं बटण मधी का आणलं? घराचं दार मधोमध असतं, कबूल, पण चूल कोपऱ्यातच असते. हात कोपऱ्यात जातो माझा. आणि ही बातम्यांची पाटी कुणी मागितली? मुंबईत पाऊस पडला, तर मी काय करू?" सोमनाथराव एकेक बंद करत गेले आणि "हो मामा, हो मामा" म्हणत गेले. बटणसुद्धा कोपऱ्यात आणून दिलं. गाव मात्र आणता आलं नाही.

सोमवारी तात्या एकटे बसले. आपल्या लहानपणातलं आठवून नऊ घरं ठेवली. दहावं ठेवायला गेले तर नवव्याला जागा उरेना. हलवलं. मग आठवं ओढ्यात गेलं. उठले, फेऱ्या मारल्या, परत बसले. कुंडलिकचं घर आनंदरावाच्या वर का खाली? आनंदरावांना विचारलं तर म्हणाले "वर मी," कुंडलिकरावांना विचारलं तर म्हणाले "वर मी." दोघं सख्खे भाऊ आणि दोघांचीही शपथ देवीची.

आणि दुसऱ्या दिवशी मंगळवार.

सगुणाबाई काठी टेकत आली तेव्हा पडद्यावर पंचा टाकलेला होता.

"काय झालं रं चिमा?"

"आजारी हाय, काकी. मशीन आजारी हाय."

"कशानं?"

"गरम झालंय."

सगुणाबाईनं पंच्यावरून हात फिरवला, जसा तापातल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा. "गार लागतंय की."

"आतून गरम हाय."

"मग पडून ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि गेली. तात्यांना वाटलं, जमीन दुभंगावी. आबांनी तीन हिवाळे खोकत खोकत लावलेलं गाव, शेवटचं काम त्या माणसाचं, आणि त्याच्या बायकोला आपण पंचा दाखवला. पुढच्या मंगळवारी काय दाखवणार? म्हातारीला नाव वाचता येत नाही. तिला तिचा माणूस जागेवर सापडतो, नावावर नाही.

तो आठवडा कसा गेला ते भामाबाईच जाणोत. तात्या भोरला जाऊन तालुक्याच्या कचेरीत जुना नकाशा मागून आले. नकाशा मिळाला. त्यात शेताचे बांध होते, नंबर होते. घरांच्या जागी नुसता एक काळा ठिपका, 'गावठाण' म्हणून. येताना एसटीत बसायला जागा असूनही उभे राहून आले.

शनिवारी जत्रा. दुपारी तीनला देवीची पालखी निघाली.

आता उंबरटेकच्या पालखीची एक तऱ्हा आहे. पाहुणेमंडळी तिला हसतात. सहा सरळ रांगा आहेत, तर पालखीनं एका टोकानं सुरू करून दुसऱ्या टोकाला संपवावं की नाही? तासाभराचं काम. पण नाही. पालखी निघते ती प्लॉट नंबर चारवर जाते, तिथून थेट अडतिसावर, मग उलटी फिरून अकरावर, मग बावीसवर. सगळं गावठाण उभं-आडवं तुडवते. दिवस बुडेपर्यंत खांदेकऱ्यांच्या पायाचे तुकडे पडतात. तात्या इतकी वर्षं समजत होते की हे मानापानाचं असेल, ज्याचा मान मोठा त्याचं दार आधी.

त्या दिवशी पाय घरात ठरत नव्हते म्हणून तात्या पालखीच्या अगदी मागं चालले. अडतिसावरून अकराकडं वळताना त्यांनी पाहिलं, पुढच्या दोन खांदेकऱ्यांनी पालखी खांद्यावरून उचलून हातांवर उंच धरली आणि मागचे दोघं गुडघ्यांत वाकले. रस्ता कसा, तर डांबरी, घोटून सपाट. वीस-पंचवीस पावलं तसे चालले आणि परत खांद्यावर घेतली.

"हैबती," तात्यांनी पुढच्या डाव्या खांदेकऱ्याला गाठलं. हैबती पन्नाशीचा, घामानं निथळत होता. "हात का वर केले रे मघाशी? दमलास का?"

"दमतोय कशानं? उतार हाय न्हवं हितं."

"कुठाय उतार?"

"हितं न्हाई तात्या. तितं." हैबतीनं हनुवटीनं डोंगराकडं दाखवलं. "देवीला काय म्हाईत आमी हितं आलोय? ती तिच्या वाटंनं चालती. ढोपऱ्याचा उतार हाय ह्यो. पालखी कलंडली तर देवी पडंल की."

तात्या रस्त्यात उभेच राहिले. मागनं येणारा ढोलवाला त्यांना धडकला.

"आणि कुंडलिकरावाच्या आधी आनंदराव का घेतला?"

"आधी त्याचंच घर लागतंय. आवो, वाट हाय ती! आमच्या बापानं जशी चालवली तशी चालवायची. तुमी कडंला व्हा, पुढं आता उंबराची फांदी हाय."

आणि खरंच, पुढं रिकाम्या रस्त्यावर चौघं खांदेकरी एकदम वाकले, पालखीचा गोंडा जमिनीला लागेल इतके, आणि दहा पावलं वाकूनच गेले. त्यातल्या दोघा पोरांनी तो उंबर जन्मात बघितलेला नव्हता.

तात्यांनी खिशात हात घातला. पेन होतं. कागद नव्हता. भामाबाईंच्या गोळ्यांचं पाकीट होतं, ते उलगडलं आणि लिहायला लागले. चार. अडतीस. उतार. डावीकडं वळसा. अकरा. फांदी. पाकीट भरलं तेव्हा कुणाच्यातरी लग्नपत्रिकेची मागची बाजू घेतली. पालखी थांबली की सगळे प्रसादाला वळायचे, तात्या दारातल्या म्हाताऱ्यांना गाठायचे: "तुमच्या उंबऱ्यातून कुणाचं दार दिसायचं? विस्तव कुणाकडनं आणायचात? हाक कुणाला ऐकू जायची?" कुणी सांगितलं, कुणी झटकलं. ठकुबाई म्हणाली, "जत्रंत हे काय काढलंस? नैवेद्य घे आन् तोंड बंद कर." तात्यांनी नैवेद्य घेतला आणि उरलेलं तोंड भरलेलं असतानाच विचारलं.

रविवारी सकाळी खोलीत मावेना एवढी माणसं. तात्यांनी सगळ्यांना खरं सांगून टाकलं: जुनं गाव पुसलं गेलं, हे पालखीच्या वाटेवरून नव्यानं लावायचं आहे, चुकलं तर बोला. बोलायला सांगायची गरज होती का? जो तो बोलायला लागला. आनंदराव आणि कुंडलिकराव सगळ्यांत पुढं.

"तात्या, त्याला जरा पलीकडं सरकवा. माझ्या अंगणात आलंय त्याचं चित्र."

"तुझ्या अंगणात? पाच फूट माझं आंगण खाल्लंयस तू, तवापास्नं!"

"मोजून दाखव."

"चल, दाखवतो."

"कुठं चालला?" तात्या म्हणाले. "चाळीस फूट पाण्याखाली हाय ते. मोजायला मासे नेमू का?"

दोघं दारातून मागं फिरले, पण कुंडलिकराव खुर्चीची पाठ सोडीनात. शेवटी दोन फोल्डरांच्या मधी एक बोट जागा सोडली, ती दोघांची नाही असं ठरलं. संध्याकाळपर्यंत बेचाळीस घरं लागली, देऊळ लागलं, विहीर लागली, उंबर लागला, ओढा लागला. तात्यांनी या वेळी चौकटीच्या कागदावर सगळं उतरून घेतलं, पडद्याचा फोटो काढून सोमनाथरावांनाही पाठवला.

बेचाळीस. एक फोल्डर खालच्या कडेला पडून होतं. गेनूआबांचं.

ते लागेना असं नव्हतं. ते दोन ठिकाणी लागत होतं, आणि तीच तात्यांची तगमग होती. आबांनी स्वतः काठीनं दाखवून आपलं घर देवळाला लगटून ठेवलं होतं. पडद्यावरची बाकीची घरं विसरतील, पण तो वरचा डावा कोपरा आणि म्हातारीचं बोट तात्या कसे विसरतील? आणि पालखी काय म्हणत होती? तर पालखी देवळातून निघून उतार उतरून, फांदीखालून वाकून, विहिरीला वळसा घालून मग नवव्या थांब्याला आबांच्या दारात जाते. म्हणजे पार खाली, विहिरीच्या अंगाला. हैबतीला विचारलं तर तो म्हणाला, "वाट चुकत न्हाई तात्या." बाकीचे म्हातारे खांदे उडवायचे. मेलेल्या माणसाला खोटं पाडायला कोण धजणार?

पालखीवर विश्वास ठेवावा, तर आबा खोटे. आबांवर ठेवावा, तर पालखी खोटी, आणि तिच्यावरून लावलेली बेचाळीस घरंही खोटी. सोमवारभर तात्या ते फोल्डर वर न्यायचे, खाली आणायचे. भामाबाई म्हणाल्या, "मेलेल्या माणसाला इतकं हिंडवत्यात व्हय?"

मंगळवारी सगुणाबाई आली. पडद्यावर पंचा नव्हता.

"उतरला का ताप?" ती बसता बसता म्हणाली.

तात्या उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. "काकी, ताप नव्हता. मी खोटं बोललो. आबांनी लावलेलं सगळं गेलं. जावयाच्या हातनं गेलं, पण चूक माझी. हे बघा, हे नवीन लावलंय."

"म्हाईत हाय," सगुणाबाई म्हणाली. "रविवारी आख्खं गाव हितं जमलं, आन् मला कळणार न्हाई? म्हातारी असले तरी कान हायत. माझ्यापास्नंच लपवलंस, मेल्या." मग तिनं वरच्या डाव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथं हिरवं मोकळं होतं. बोट तिथंच राहिलं. "न्हाई हितं?"

तात्यांनी तिला पालखीचं सगळं सांगितलं. उतार, फांदी, विहिरीचा वळसा. "आबा म्हणत होते देवळाजवळ. पालखी म्हणती विहिरीजवळ. मला कळंना झालंय काकी. तुमी सांगा."

सगुणाबाई एवढीशी हसली. मग मोठ्यानं हसली. तोंडाला पदर लावून हसली, खांदे हलायला लागले.

"त्यो माणूस," ती म्हणाली. "त्यो माणूस! लगीन झाल्यापास्नं एकच. देवळापशी घर बांधू, पारावर बसू, येनाऱ्याजानाऱ्याचा रामराम घिऊ. जागा हुती कुठं देवळापशी? जल्म गेला विहिरीच्या काठाला. आन् तुझ्या ह्या पेटीत बांधलं व्हय त्यानं!"

"मग तुम्ही इतके मंगळवार बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? खोकत खोकत यायचा हितं. घरी येऊन सांगायचा, आज घर देवळापशी नेलं. म्हनलं ने. त्यानं ठिवलं तितं म्या बोट ठिवायला शिकले."

तात्या खाली बसले. पाय हलत होता, पण बसले. "मग आता कुठं ठेवू? त्यांच्या मनाप्रमाणं ठेवायचं तर वर ठेवतो. पालखीला कोण विचारतंय."

सगुणाबाईनं देवळावर बोट टेकलं. "देऊळ वर. तितं घर म्हंजी मला रोज हांडा घिऊन उतार उतरायचा आन् चढायचा. त्याला रामराम पायजे. पानी कोन भरनार?" तिनं मान हलवली. "खाली आन. व्हतं तितं आन. तीन पोरं झाली तितं मला."

"तुम्हीच ठेवा," तात्या म्हणाले आणि माऊस तिच्या हाताखाली सरकवला. तिचा हात कोरडा, हलका. तात्यांनी वरून नुसतं बोट दाबून धरायला शिकवलं. फोल्डर हललं. विहिरीकडं निघालं, थरथरत, वळणं घेत. वाटेत म्हातारीचं बोट सुटलं.

"अगं बया! व्हड्यात पडला की रं त्यो!"

"उचला काकी, उचला, काही होत नाही!"

भामाबाई आतून धावत आल्या. सगुणाबाईनं दात नसलेलं तोंड घट्ट मिटलं, परत बोट दाबलं आणि फोल्डर ओढ्यातून वर ओढलं. विहिरीच्या उजव्या अंगाला आणलं. थोडं खाली. थोडं अलीकडं. "हितं गोठा. हितं न्हानी. हां." आणि बोट तसंच दाबून बसली. सोडेना.

"सोडू?" तिनं विचारलं.

तात्यांनी चौकटीच्या कागदावर विहिरीशेजारी पेन्सिलीनं एक ठिपका काढला, त्यापुढं गेनूआबांचं नाव लिहिलं.

"सोडा," ते म्हणाले.